कान शेवटी झोपतात

शस्त्रक्रिया नीट पार पडली की पेढे सर्जनच्या घरी जातात आणि नारळ देवळात. भूल देणारा डॉक्टर जिन्यात भेटला, तर तेच नातेवाईक त्याला विचारतात, "अहो, डॉक्टर कुठं भेटतील?" नागपुरातल्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळात माझी सगळी नोकरी झाली. या प्रश्नाला मी पुढे पुढे न बोलता नुसता हात करून दिशा दाखवत असे. लोक आभार मानून वर जात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितले आहेत ते 'थरारक अनुभव'. आमच्या धंद्यात थरार म्हणजे कुठेतरी चूक झालेली असते. चांगली भूल ती, जिची आठवण कुणालाच राहत नाही. मी नकार कळवणार होतो. पण यंदा मार्चमध्ये आमच्या थिएटरच्या सिस्टर सालोमी गेल्या, आणि त्यांच्याविषयी काही लिहायचं तर धंद्याविषयी लिहिणं ओघानं आलंच. हे फार हळू लिहून होतं आहे. एक परिच्छेद लिहितो, पुस्तक घेऊन आरामखुर्चीत बसतो, पुस्तक वाचत नाही, उठून लिहिलेल्यातलं एक वाक्य खोडतो.

भूल म्हणजे काय ते आधी सांगतो. लोकांना वाटतं, आम्ही माणसाला झोपवतो. झोपलेल्या माणसाच्या पोटावर सुरी ठेवून पाहा, तो उठून तुम्हाला मारेल. आम्ही माणसाला मरणाच्या दिशेने थोडं अंतर चालवत नेतो, वाटेत थांबवून ठेवतो आणि काम झालं की परत आणतो. नेणं कुणालाही जमतं. पगार परत आणण्याचा. आमच्या काळात हे सगळं इथरवर चालायचं. तारेच्या जाळीवर गॉझची घडी, ती नाकातोंडावर, आणि वरून बाटलीतून इथरचे थेंब. एक हात बाटलीवर, दुसऱ्या हाताचं बोट कानापुढच्या नाडीवर. यंत्र पुढे आलं, पण ते बोट काही मी सोडलं नाही.

इथरचं आणि नागपूरच्या उन्हाळ्याचं हाडवैर. हा द्रव अंगाच्या उष्णतेलाही उकळायला लागतो, मग मे महिन्यात काय होत असेल ते पाहा. बूच काढलं की अर्धी बाटली हवेत. रोग्याच्या आधी आया पेंगायला लागायची. म्हणून आम्ही बाटल्या ओल्या वाळूच्या माठात पुरून ठेवत असू, आणि मोठ्या शस्त्रक्रिया सूर्य वर यायच्या आत उरकत असू. दुपारी बारानंतर आमच्या थिएटरात फक्त खिडक्यांवर सोडलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम चाले.

आणखी एक गोष्ट. माणूस गुंगीत जातो तेव्हा डोळे आधी जातात, मग जीभ, मग हातपाय. कान सर्वांत शेवटी झोपतात. परत येतानाही कानच आधी उठतात. म्हणून रोगी टेबलावर असताना थिएटरात अचकटविचकट बोलू नये, असं मी दर वर्षी नव्या नर्सेसना सांगत असे. त्या माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी रोग्याच्या ढेरीबद्दल बोलत.

थिएटरात अंगावर दागिना, धागा, ताईत काहीही चालत नाही. ते काढून ठेवायला सिस्टर सालोमींनी पांढरा एनॅमलचा एक ट्रे वेगळा केला होता. त्याला सगळे 'देवांचा ट्रे' म्हणत. एका सकाळच्या तीन-चार शस्त्रक्रियांचे देव त्यात गुण्यागोविंदानं पडलेले असत. मारुतीचं लॉकेट, दर्ग्यावरचा ताईत, कोराडीच्या देवीचा गंडा, कुणाचा शनीचा लोखंडी छल्ला. शुद्धीवर आलेल्या माणसाला त्याचा त्याचा देव परत बांधायचं काम गोदाबाईंकडे. गोदाबाई आमच्या थिएटरच्या आया, राहायला महाल भागात. तोंडानं फटकळ, नजर अधू आणि चष्मा लावायची लाज.

एकदा इतवारीतल्या एका भांडेवाल्या शेटजींचा मारुती गोदाबाईंनी एका टांगेवाल्या चाचांच्या गळ्यात बांधला आणि चाचांचा ताईत शेटजींच्या दंडावर. चाचा शुद्धीवर आले, त्यांनी गळा चाचपला, मारुती डोळ्यांपुढे धरला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "या अल्लाह! मर गया, और वो भी गलत जगह आ गया!"

दोघेही आठवड्यात खडखडीत बरे होऊन घरी गेले. मी गोदाबाईंना म्हणालो, "बघा. देव बदलले तरी जखम भरली."

"वर सगळे एकमेकाइले ओळखतेत, डॉक्टर," गोदाबाई म्हणाल्या. "ड्युटी बदलून घेतली असन."

एकच माणूस असा आठवतो, ज्याने ट्रेमध्ये काही ठेवलं नाही. कापडगिरणीत साचे चालवणारे गृहस्थ होते, छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वेळी ऐन तरुण असलेले. गोदाबाईंनी ट्रे पुढे केला तर म्हणाले, "आपल्याकडे देव नाही, बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भूलवाले साहेब, मी तुमच्याच भरोशावर आहो. इमानदारीनं करा." सगळ्या नोकरीत हे वाक्य मला एकाच माणसानं म्हटलं. त्या दिवशी मी बाटली आणि जाळी दोन-दोनदा तपासली. देवाच्या खांद्यावर ओझं टाकून आलेले रोगी किती सोपे असतात, हे मला तेव्हा समजलं.

आता सिस्टर सालोमी. नागपुरातलंच मराठी ख्रिस्ती घर, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. उंच, हडकुळ्या, कपाळावर कायम एक बारीक आठी. कात्री चुकीच्या जागी ठेवली की ती आठी खोल व्हायची, आणि तेवढ्यानं चूक करणाऱ्याला घाम फुटायचा. बोलणं अस्सल नागपुरी. पण रोगी झोपला, हत्यारं मांडून झाली, की सर्जननं सुरी टेकवायच्या आधी त्या पुस्तकी मराठीत एक वाक्य म्हणत. मोठ्यानं नाही, पुटपुटतही नाही. घरात कुणाला जेवायला हाक मारावी तितक्या आवाजात.

"तो दिलेला शब्द मोडत नाही."

मी देव मानत नव्हतो. आजही मानतो असं नाही, फक्त पूर्वीसारखा ते ठासून सांगत फिरत नाही. पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा विचारलं, "कोण, सिस्टर? इथर पाठवणारा दुकानदार?"

"त्याच्यावर भरोसा ठेवा असं मी कधी म्हणलं?" सालोमी म्हणाल्या, आणि आठीसुद्धा खोल झाली नाही.

आमचे सर्जन नानासाहेब. हात सोन्याचा, डोकं भुताखेतांचं. मांजर आडवं गेलं तर मोटार मागे घेणारा माणूस. त्यांनी सुरुवातीला त्या वाक्यावर कुरकुर केली. मग एकदा सालोमी रजेवर असताना एका साध्या हर्नियाच्या रोग्यानं भलतंच रक्त सांडलं. त्या दिवसापासून नानासाहेबांनी त्यांच्या रजेच्या दिवशी मोठी केस लावणंच बंद केलं. कारण विचारलं तर पाठदुखी सांगत. हळूहळू ते वाक्य म्हणजे आमच्याकडे आगगाडीची शिट्टी झाली. ते ऐकू आलं की नानासाहेबांची सुरी आपोआप खाली येई. त्यात देव किती आणि सवय किती, याचा हिशेब कुणी मागत नव्हतं.

मी मागत होतो. सालोमींचा नवरा काविळीनं गेला तेव्हा त्यांची मुलगी नुकती चालायला लागली होती. सासरच्यांनी दार लावलं. इस्पितळामागच्या एका खोलीत त्यांनी ती पोर वाढवली, पाळ्या करून, दुसऱ्यांच्या पोरांचे स्वेटर विणून. एका उन्हाळी दुपारी ताट्यांचं पाणी ठिबकत होतं, आम्ही दोघं गॉझच्या घड्या करत बसलो होतो. मी जरा दुष्टपणानंच विचारलं, "सिस्टर, तुमच्याशी कोणता शब्द पाळला त्यानं?"

त्यांनी घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "सोबत राहीन म्हणे तो. नवरा ठेवीन असं कुठं म्हणलं होतं?"

माझ्याकडे कपाटभर पुस्तकं होती. त्या रात्री ती एकेक काढून चाळली. पुढच्या महिन्यात नवी आणली.

सत्तरच्या दशकातला एक मे महिना. दुपारची वेळ. सालोमी सकाळपासून पोट धरून काम करत होत्या आणि कुणी विचारलं तर "गॅस हाये" म्हणत होत्या. शेवटी कपाटाला टेकून त्या खालीच बसल्या. "गोदा, पाणी दे वं," एवढं म्हणाल्या आणि पांढऱ्या पडल्या. नानासाहेबांनी तपासलं. ओटीपोटात गाठ होती आणि तिला पीळ पडला होता. तशी गाठ आत फुटली किंवा सडली तर माणूस हाती लागत नाही. थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या इस्पितळात न्यायचं म्हटलं तर वाटेतल्या उन्हाचा भरवसा नव्हता. जी वेळ आम्ही वर्षानुवर्षं टाळली, त्या वेळी, त्या उन्हात, आमच्याच माणसाला टेबलावर घ्यायचं होतं. बाहेर बाकावर त्यांची मुलगी शाळेच्या गणवेशात बसलेली. तिला दुसरं कुणी नव्हतं.

गोदाबाईंनी ट्रे आणला. तो दोन्ही हातांनी सालोमींपुढे धरला. सालोमींनी काळ्या दोऱ्यातला चांदीचा लहानसा क्रूस काढला.

"एकटाच हाये का आज ट्रेमदी?" त्यांनी विचारलं.

"एकटाच हाये वं," गोदाबाई रडत म्हणाल्या.

"बरं हाये. गर्दी नाही. लक्ष राहीन त्याचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "डॉक्टर, सगळं तपासलं?"

"सगळं. तुमचा देव सोडून."

"त्याले मी तपासलं हाये. तुमी बाटली पाहा."

शिरेतलं इंजेक्शन दिलं. त्याची झोप मिनिटांची असते, आणि ती उतरायच्या आत इथरची झोप चढावी लागते. मे महिन्यात हे म्हणजे गळक्या ओंजळीनं पाणी नेणं. माठातली बाटली काढली, थेंब कसले, धार धरावी लागत होती. श्वास हळूहळू खोल, एकसारखा झाला. बोटाखाली नाडी बारीक, पण होती.

"घ्या, नानासाहेब," मी म्हणालो.

"घेतो."

घेतलं मात्र नाही. सुरी हातात, हात हवेत. मला वाटलं त्यांना काही दिसतंय. मान वर केली तर ते माझ्याकडे पाहत होते. गोदाबाईही माझ्याकडे पाहत होत्या. आणि मग माझ्या लक्षात आलं. वाक्य म्हणणारी बाई टेबलावर झोपली होती.

"म्हणा ना, डॉक्टर," गोदाबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही म्हणा."

"मी नाही म्हणत. माये हात धुतले नाहीत."

"नानासाहेब, तुम्ही..."

"माझं काम कापायचं," नानासाहेब मास्कमधून म्हणाले. कपाळावर घाम डवरला होता. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "बोलायचं काम डोक्याकडच्या माणसाचं. लवकर बोला, माझा हात अवघडला."

बाटली रिकामी होत होती. देवाच्या अस्तित्वावर चर्चा करायची ती वेळ नव्हे. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तो दि... दिलेला शब्द मोडत नाही."

सुरी खाली आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मध्येच वीज गेली. गोदाबाईंनी धावत जाऊन ताट्या वर केल्या, आणि उन्हाचा लोट आत आला, उजेड आणि झळा एकदमच. गाठ बाहेर येताना सालोमींचं रक्त बरंच गेलं. नानासाहेबांनी मान वर न करता विचारलं, "आहे?" माझ्या बोटाखाली त्या क्षणी काही लागत नव्हतं. श्वास चालू होता. मी म्हणालो, "आहे." एवढं खात्रीनं मी आयुष्यात काही बोललो नसेन, आणि हातात एवढा कमी पुरावाही कधी नव्हता. सलाइनच्या बाटलीची नळी पूर्ण सोडली, टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, आणि बोट तिथंच दाबून धरलं. थोड्या वेळानं नाडी आली. आधी एखाद्या मुंगीसारखी, मग नाडीसारखी.

गाठ नारळाएवढी होती. नानासाहेब ती बादलीत टाकताना म्हणाले, "हा नारळ आधीच फोडायला हवा होता." त्यांना विनोद सुचला, तेव्हा मला कळलं की बाई वाचल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना पाहायला गेलो. क्रूस गळ्यात होता, गोदाबाईंनी या खेपेला बरोबर माणसाला बांधला होता. सालोमींचा आवाज बसलेला होता.

"उच्चार बरा हाये तुमचा," त्या म्हणाल्या.

"कसला उच्चार?"

"त्या वाक्याचा. 'दिलेला'वर तेवढे अडखळले."

मी तिथून निघालो तो थेट गोदाबाईंना गाठलं. "तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"कोराडीच्या देवीची आन! मी काहून सांगू?"

नानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी बायकांशी तुमच्या उच्चारांविषयी बोलतो, असं वाटतं का तुम्हाला?"

माझी अडचण वाचकांच्या लक्षात येते का? कुणी सांगितलं नसेल, तर सालोमींनी ते स्वतः ऐकलं होतं. म्हणजे सुरी टेकण्याच्या क्षणी माझी भूल कच्ची होती. भूल देणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. त्या मात्र शपथेवर सांगत होत्या की सुरी कळली नाही, वीज गेलेली कळली नाही, ताट्या वर केल्या तेही नाही. ऐकलं ते फक्त वाक्य. आता इज्जत राखायची तर माझ्याकडे एकच वाट उरत होती.

"मग तुमच्या देवानंच सांगितलं असेल," मी चिडून म्हणालो.

"म्हणजे तो हाये?"

"माझी भूल पक्की होती, एवढंच माझं म्हणणं आहे."

"दोनातलं काय ते एक ठरवा, डॉक्टर. मले घाई नाही."

हा वाद मी निवृत्त होईपर्यंत चालला. नव्या नर्सेससमोर, जेवणाच्या डब्यावर, नानासाहेबांच्या साठीच्या समारंभात. स्वतःच्या धंद्याची अब्रू वाचवण्यासाठी एका नास्तिकाला वर्षानुवर्षं चमत्काराची बाजू लढवावी लागली, आणि भाविक बाई हसत हसत म्हणत, "नाही बाबा, मले वाटते भूलच कच्ची होती." नानासाहेबांनी एकदा निवाडा दिला, "ग्रंथांमध्ये कच्च्या भुलीची उदाहरणं खूप आहेत. देवानं उच्चार कळवल्याचं एकही नाही." मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही.

त्यानंतर थिएटरात वाक्य त्याच म्हणत. पण ते म्हणताना एकदा माझ्याकडे पाहत. मी थट्टा करायचं सोडलं होतं, असं नव्हे. थट्टा करायच्या आधी ते ऐकून घ्यायला लागलो होतो.

निवृत्तीनंतर भेटी कमी झाल्या. मी पुस्तकांत, सालोमी मुलीच्या घरी नातवंडांत. नानासाहेब गेले तेव्हा घाटावर त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिथंबी शिट्टीशिवाय हात चालवत नसतीन." आम्ही दोघंही हसलो, आणि लोकांनी वळून पाहिलं.

मार्चमध्ये मुलीचा निरोप आला. सालोमींना पक्षाघाताचा झटका आला होता. वाचा गेली होती, डोळे मिटलेले होते, इस्पितळातून घरी आणलं होतं. मी पोचलो तेव्हा उशापाशी खुर्ची होती आणि पायांशी गोदाबाई बसल्या होत्या, आता खरोखरच आंधळ्या झालेल्या. पाद्री येऊन प्रार्थना करून गेले होते. शेजारणी दारात उभ्या राहून हळहळत होत्या. "काहीच समजत नाही वं आता तिले," त्यांतली एक म्हणाली.

मुलीनं मला विचारलं, "काका, आईला ऐकू येतं का हो?"

हे मी दर वर्षी शिकवत आलो होतो. मी म्हणालो, "येतं. कान शेवटी झोपतात." शेजारणी दारातून मागे सरल्या.

सवयीनं माझं बोट त्यांच्या कानापुढे गेलं. नाडी होती, न होती. मी वाकलो. या वेळी कुणाचा हात हवेत थांबलेला नव्हता. कुणी "म्हणा ना, डॉक्टर" म्हटलं नाही. कुणाला काही कापायचं नव्हतं.

"तो दि... दिलेला शब्द मोडत नाही," मी म्हणालो.

सालोमींच्या कपाळावरची बारीक आठी जराशी खोल झाली. कात्री चुकीच्या जागी ठेवली की व्हायची, तशी.

या वेळी भूल माझी नव्हती, तेव्हा कच्ची की पक्की हा वाद माझ्याशी घालता आला नसता. घालणारीही आता उरणार नव्हती. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि वाक्य पुन्हा म्हटलं. न अडखळता.